काळ्या कातळाच्या जमिनीवर मेटल डिटेक्टर का गोंधळतो?

मार्च 2025 मध्ये बऱ्हाणपूरजवळच्या असीरगड परिसरातली शेतं रात्री टॉर्चच्या उजेडाने भरून गेली होती. बऱ्हाणपूर म्हणजे मुघलांचं श्रीमंत ठाणं, हे एका हिंदी चित्रपटात लोकांनी नुकतंच पाहिलं होतं. त्यात रस्त्याच्या कामातून निघालेल्या मातीत जुनी नाणी सापडल्याची आवई उठली. मग फावडी, चाळण्या आणि मेटल डिटेक्टर घेऊन माणसं शेतात उतरली आणि रात्र-रात्र खणत राहिली.

बऱ्हाणपूर हे जुन्या खानदेशातलं शहर. तिथल्या मातीखाली जो काळा दगड आहे, तोच जळगाव, नाशिक, पुणे, साताऱ्याच्या मातीखाली आहे. म्हणून ही बातमी वाचताना खजिन्यापेक्षा त्या मशीनचा विचार जास्त करावासा वाटतो. गुप्तधनाच्या प्रत्येक गोष्टीत एक वाक्य असतंच: ‘मशीन वाजलं, म्हणजे खाली काहीतरी असणारच.’ आपल्याकडच्या जमिनीत हे वाक्य बहुतेक वेळा खोटं ठरतं. मशीन बिघडलेलं असतं म्हणून नव्हे, तर जमीन स्वतःच वाजते म्हणून.

यंत्र नेमकं ऐकतं काय?

काठीच्या टोकाला जी थाळी असते, तिच्यात तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्याला कॉइल म्हणतात. नेहमीच्या हौशी मशीनमध्ये या कॉइलमधून वीज सेकंदाला साधारण 5 ते 20 हजार वेळा उलटसुलट फिरवली जाते. त्यामुळे थाळीखाली सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि ते मातीत शिरतं. वाटेत धातू आला की त्याच्या अंगात विजेचे छोटे भोवरे फिरू लागतात. या भोवऱ्यांचं स्वतःचंही एक बारीक चुंबकीय क्षेत्र असतं, आणि ते थाळीतल्या दुसऱ्या कॉइलला जाणवतं.

मशीन दोन गोष्टी मोजतं. परत आलेला संकेत किती जोरात आहे, आणि तो किती उशिरा आला. हा उशीर सेकंदाच्या अगदी सूक्ष्म भागाचा असतो, पण ओळख पटते ती त्यावरूनच. चांदीच्या जाड नाण्याकडून संकेत जास्त रेंगाळत येतो, पातळ वर्खाकडून कमी. पडद्यावर जो आकडा दिसतो, तो या उशिराचा असतो.

थोडक्यात, मशीनला धातू ‘दिसत’ नाही. आपल्या चुंबकीय क्षेत्रात बदल झाला, एवढंच त्याला कळतं. तो बदल नाण्याने केला की दगडाने, हा पुढचा अंदाज असतो.

ही अडचण यंत्राच्या जन्मापासूनची आहे. 1881 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळीबार झाला. शरीरात अडकलेली गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी याच तत्त्वावर चालणारं उपकरण बनवून आणलं. गोळीची जागा काही सापडली नाही. डॉक्टरांनी शरीराची एकच बाजू तपासू दिली, हे एक कारण. दुसरं म्हणजे अध्यक्ष ज्या गादीवर झोपले होते, तिच्यात पोलादी स्प्रिंगा होत्या. उपकरण वाजत होतं, पण ते गादीबद्दल बोलत होतं. आपल्या शेतात त्या गादीच्या जागी जमीन असते.

आपल्या जमिनीत एवढं काय आहे?

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरून दख्खनचं पठार तयार झालं. आजही जवळपास 5 लाख चौरस किलोमीटरवर हा बेसॉल्ट पसरलेला आहे. आपला काळा कातळ, काळा पाषाण तो हाच. त्यात मॅग्नेटाइट नावाचं लोहखनिज बारीक कणांच्या रूपात सगळीकडे विखुरलेलं असतं. कातळ झिजून माती झाली तरी हे कण टिकून राहतात. ज्या जमिनीत अशी चुंबकाला प्रतिसाद देणारी खनिजं भरपूर असतात, तिला या लेखापुरतं आपण ‘खनिजयुक्त जमीन’ म्हणू.

हे कण डोळ्यांनी पाहता येतात. एक चांगला चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि कोरड्या ओढ्यातल्या वाळूतून सावकाश फिरवा. पिशवी वर उचलली की तिला काळ्या बारीक कणांची दाढी आलेली असते. कण एकावर एक उभे राहून केसांसारखे टोकदार होतात. पिशवी उलटी करून चुंबक बाजूला घेतला की सगळे एकदम गळून पडतात. मूठभर वाळूत हे एवढं निघतं, तर थाळीखालच्या घमेलं-दोन घमेली मातीत किती असेल ते बघा. मशीनला एका नाण्याचा आवाज या सगळ्याच्या गलबल्यातून वेगळा काढायचा असतो.

इथे लाल रंगाने फसायला होतं. लाल माती म्हणजे लोखंड, आणि लोखंड म्हणजे मशीनला त्रास, असं वाटणं साहजिक आहे. पण लाल रंग देणारं हेमाटाइट चुंबकाला फारशी दाद देत नाही. त्रास देतात ती मॅग्नेटाइट आणि मॅगहेमाइट ही खनिजं. कोकणातल्या जांभ्यात मॅगहेमाइट असू शकतं, आणि ते एका ठिकाणी भरपूर तर चार पावलांवर जवळपास नाही, असंही होतं. म्हणून जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, मशीन इथे शांत आणि तिथे आरडाओरडा, असं वागतं.

आगीचा भाग तर फारच लक्षात ठेवण्यासारखा आहे. पालापाचोळा, शेण यांच्यासह माती तापली की तिच्यातल्या साध्या लोहखनिजांचं रूपांतर चुंबकीय खनिजांत होतं. कोकणात आणि मावळात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, ती जागा, जुनी वीटभट्टी, कुंभाराचा आवा, पिढ्यान्‌पिढ्या एका जागी पेटलेली चूल, या सगळ्यांची माती आजूबाजूपेक्षा जास्त चुंबकीय असते. भाजलेली खापरंसुद्धा. पुरातत्त्वज्ञ याच गुणाचा उपयोग करून न खणता जुन्या भट्ट्या आणि चुलींचे नकाशे काढतात. मात्र गावाच्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, कुणी साधं मशीन घेऊन गेलं तर राख, भाजकी माती आणि खापरांमुळे ते शेजारच्या शेतापेक्षा जास्त वाजणार. जुनी जागा आणि जास्त आवाज हे दोन्ही जुळून आलं की ‘इथेच हंडा आहे’ अशी लोकांची खात्री पटते. आवाज खरा असतो, हंडा नसतो.

समुद्रकिनाऱ्यावर आणखी एक भर पडते. खाऱ्या पाण्यातून वीज वाहते, त्यामुळे ओली वाळू स्वतःच अशक्त धातूसारखी वागते. रत्नागिरीजवळ काळबादेवी, पूर्णगड इथल्या किनाऱ्यांवर काळी, जड खनिजांची वाळू आहे. म्हणजे ओलं मीठ आणि काळी वाळू, असे दोन वेगळ्या स्वभावांचे गोंधळ एकाच थाळीखाली.

ग्राउंड बॅलन्स: तराजूचं पासंग

जुना तराजू रिकामा असतानाच एका बाजूला कलत असेल, तर दुकानदार हलक्या पारड्यात पासंग टाकून आधी दोन्ही पारडी बरोबरीला आणतो आणि मगच माल तोलतो. ग्राउंड बॅलन्स ही सोय म्हणजे मशीनचं पासंग. धातू नसलेल्या जमिनीचा जो संकेत येतो, त्याला मशीन शून्य मानतं आणि त्याच्या वर जे येईल तेवढंच ऐकवतं.

करायचं कसं? सगळे धातू ऐकू येतील असा मोड लावा आणि थाळी फिरवून जिथे काहीच वाजत नाही अशी हातभर जागा शोधा. तिथे थाळी गुडघ्याच्या उंचीवरून जमिनीच्या दोन-चार बोटांपर्यंत खाली आणा, पुन्हा वर न्या, असं सावकाश करत राहा. थाळी खाली येताना आवाज चढत किंवा पडत असेल, तर पासंग चुकलंय. आवाज वर-खाली दोन्हीकडे एकसारखा राहीपर्यंत बटण फिरवायचं. स्वयंचलित मशीनमध्ये बटण दाबून धरून हीच उठबस केली की यंत्र आपलं आपण जुळवून घेतं. ही दोन मिनिटं वाचवणारा माणूस पुढचे तासन्‌तास दगडं खणत बसतो.

आता अडचण. पासंग एका ठिकाणी जुळवलं, पण जमीन बदलली. काळी माती संपून मुरूम लागला, बांधाशी बेसॉल्टचा धोंडा आला, राब भाजलेला तुकडा आला, की हिशोब चुकला. नांगरलेल्या शेतात तर ढेकळांमुळे थाळी आणि माती यांच्यातलं अंतरच दर पावलाला बदलतं. चालता चालता स्वतः जुळवत राहणारी मशीनं आहेत, पण तीही बदलाच्या एक पाऊल मागे असतात, आणि खोलवरचा अशक्त संकेत जमिनीचाच समजून पुसून टाकण्याचा धोका त्यांत असतो. जमीन एकसारखी असेल तर एकदा हाताने जुळवलेलं चांगलं, सतत बदलत असेल तर स्वयंचलित, असं माझं मत आहे.

किनाऱ्याचंही यातूनच कळतं. कॉइलमधली वीज सेकंदाला किती वेळा उलटसुलट फिरते, ती मशीनची फ्रिक्वेन्सी. एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणाऱ्या मशीनकडे एकच पासंग असतं. ते मिठासाठी लावलं तर काळी वाळू वाजते, वाळूसाठी लावलं तर मीठ. एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणारी मशीनं अशा जागी जास्त उपयोगी पडतात ती म्हणूनच.

‘दहा फूट खोलवरचं दाखवतं’ हे खरं का?

नाण्याएवढ्या वस्तूसाठी नाही. थाळीचं क्षेत्र खाली जाताना वेगाने विरळ होतं, आणि नाण्याचं उत्तर वर येताना पुन्हा तितक्याच वेगाने. थाळीच्या आकारापेक्षा अंतर वाढलं की खोली दुप्पट झाल्यावर संकेत जवळपास 64 पटींनी कमी होतो. म्हणून चांगल्या, शांत जमिनीतही सामान्य मशीनला एक नाणं वीत-सव्वा वीत खोलीपर्यंतच सापडतं. मोठा हंडा किंवा पेटी यापेक्षा खोलवर कळू शकते, पण दहा फुटांवरचं नाणं हा जाहिरातीचा मजकूर झाला.

खनिजयुक्त जमिनीत ही खोली निम्मी किंवा त्याहूनही कमी होते, कारण माती थाळीला जवळजवळ चिकटलेली असते आणि नाणं दूर. शिवाय ओळखही चुकते. खोलवरच्या नाण्याचा अशक्त संकेत आणि मातीचा मोठा संकेत एकत्र होऊन वर येतात, आणि मातीचा संकेत पडद्यावरच्या आकड्यांच्या मोजपट्टीवर लोखंडाच्या बाजूला असतो. त्यामुळे चांदीचं नाणंही ‘लोखंड’ म्हणून दिसतं. लोखंड वगळायची सोय चालू ठेवली असेल, तर मशीन त्यावरून गुपचूप पुढे जातं.

खड्डा खणत गेलो तरी आवाज थांबत नाही, तो का?

माझ्या मते सगळ्यात जास्त माणसं फसतात ती इथे. एकसारख्या चुंबकीय जमिनीत तुम्ही खड्डा केलात, म्हणजे त्या जागेतून चुंबकीय माती काढून घेतली. मशीनच्या हिशोबात तिथे उणीव तयार झाली. थाळी खड्ड्याच्या काठावरून आत-बाहेर गेली की संकेत उडी मारतो आणि मशीन वाजतं. बाजूला घातलेला मातीचा ढीग वाजतो. काढलेला काळा धोंडा वाजतो. माणसाला वाटतं, वस्तू अजून खाली आहे. तो आणखी खणतो, खड्ड्याच्या कडा उंच होतात आणि आवाज वाढतो. कमरेएवढे खड्डे असेच तयार होतात.

खरा धातू आणि जमिनीचा आवाज वेगळा कसा ओळखायचा, याच्या काही कसोट्या आहेत. थाळी आधी पूर्व-पश्चिम, मग त्याच जागी दक्षिण-उत्तर फिरवा. धातू दोन्ही वेळा त्याच बिंदूवर, नेमका आणि तुटक वाजतो. जमीन पसरट वाजते आणि बिंदू सरकतो. मग थाळी हळूहळू वर उचला. जमिनीचा आवाज सहसा चटकन मरतो, धातूचा थोडा टिकून विरत जातो. आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे किती बारीक संकेताला मशीनने वाजावं ते सेटिंग, कमी करा. हे लोकांना पटत नाही, कारण ती वाढवली की जास्त सापडेल असं वाटतं. पण गोंगाट असलेल्या जमिनीत ती वाढवली की आधी गोंगाटच वाढतो. लहान थाळीही इथे कामाची, कारण तिच्या नजरेखाली एका वेळी माती कमी येते.

महागडं मशीन घेतलं तर प्रश्न सुटेल?

काही प्रमाणात. दुसरी एक पद्धत आहे, तिचं नाव पल्स इंडक्शन. यात वीज सतत फिरवत नाहीत. एक झटका देऊन एकदम तोडतात आणि सेकंदाचा साधारण एक लाखावा भाग थांबून मग ऐकतात. मॅग्नेटाइटचं उत्तर झटक्याबरोबरच संपलेलं असतं, धातूतले भोवरे मात्र अजून विझत असतात. म्हणजे जमीन गप्प झाल्यावर ऐकायला सुरुवात करायची. ऑस्ट्रेलियातल्या सोन्याच्या पट्ट्यांमध्ये, जिथे जमीन अतिशय खनिजयुक्त आहे, तिथे या पद्धतीची मशीनं खूप विकसित झाली. त्याआधी व्हिक्टोरिया राज्यात किंगोवरजवळ 1980 मध्ये नेहमीच्या पद्धतीच्या डिटेक्टरने सापडलेला सोन्याचा गोळा 27 किलोंचा होता आणि तो जमिनीत फार खोल नव्हता. शे-सव्वाशे वर्षं माणसांनी चाळलेल्या मुलखात तो राहून गेला होता.

पण या पद्धतीलाही मर्यादा आहेत. अतिसूक्ष्म चुंबकीय कण झटक्यानंतरही थोडा वेळ रेंगाळत राहतात, म्हणजे जमीन पूर्ण गप्प होत नाही. आणि लोखंड व इतर धातू यांत फरक करण्यात ही मशीनं कच्ची असतात. ऑस्ट्रेलियातल्या ओसाड रानात ते चालून जातं. आपल्या शेतात बैलांच्या पत्र्यांचे खिळे, फाळाचे तुकडे, कुंपणाची तार आणि गुटख्याच्या चकचकीत पुड्या यांचा खच असतो. प्रत्येक आवाजाला खणायचं ठरवलं तर नांगरटच होईल.

मोबाइलचं अ‍ॅप आणि ‘फक्त सोनं ओळखणारं’ यंत्र

मोबाइलमध्ये होकायंत्रासाठी चुंबकीय क्षेत्र मोजणारा सेन्सर असतो. अ‍ॅप त्याचाच आकडा दाखवतं. सोनं, चांदी, तांबं यांचा त्या आकड्यावर काहीही परिणाम होत नाही. लोखंड जवळ आलं तर आकडा हलतो, आणि बेसॉल्टच्या धोंड्याजवळही हलू शकतो. त्यामुळे आपल्या डोंगराळ भागात हे अ‍ॅप हमखास काहीतरी ‘दाखवतं’.

फक्त सोन्यालाच वाजणारं मशीन अस्तित्वात नाही. लहान अंगठीचा आणि चॉकलेटच्या वर्खाचा संकेत मोजपट्टीवर एकाच जागी पडू शकतो. हातात धरायच्या अँटेनाच्या कांड्या, ज्या म्हणे मैलभरावरचं सोनं दाखवतात, त्या निखळ फसवणूक आहेत. ब्रिटनमध्ये जेम्स मॅककॉर्मिक या माणसाने गोल्फचा चेंडू शोधण्याच्या खेळण्यावरून अशीच अँटेनाची यंत्रं बनवून बॉम्बशोधक म्हणून इराकला विकली. आत काहीच चालत नव्हतं, आणि नाक्यांवर माणसं त्यांच्या भरवशावर उभी होती. 2013 मध्ये त्याला 10 वर्षांची शिक्षा झाली.

जिथे चुकलेला आवाज जिवावर बेततो

खनिजयुक्त जमिनीचा सगळ्यात गंभीर अभ्यास खजिन्यासाठी झालेला नाही, भूसुरुंग काढण्यासाठी झाला. कंबोडिया, अंगोला, मोझांबिक इथे जांभ्याची माती आहे आणि युद्धांनी पेरलेले सुरुंगही. काही सुरुंगांत धातू नावापुरताच असतो. सेन्सिटिव्हिटी वाढवली तर माती वाजते, कमी केली तर सुरुंग सुटतो. म्हणून तिथे काम सुरू करण्याआधी मातीच तपासतात: ठरावीक सेटिंग केलेलं मशीन वरून हळूहळू खाली आणायचं आणि जमीन किती उंचीवरून वाजायला लागते ते मोजायचं. जितकी उंची जास्त, तितकी जमीन अवघड. मग त्यानुसार यंत्र निवडायचं, किंवा जोडीला जमिनीत शिरणारं रडार वापरायचं. कंबोडियात प्रशिक्षित आफ्रिकी उंदीरही हे काम करतात. ते धातू शोधत नाहीत, स्फोटकाचा वास घेतात, त्यामुळे मातीतलं लोखंड त्यांना आड येत नाही. त्यांतल्या मगावा नावाच्या उंदराला 2020 मध्ये शौर्यासाठी सुवर्णपदक मिळालं.

आणि खरंच काही सापडलं तर?

1878 चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीची कोणतीही वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं; न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते आणि हक्कही जातो. संरक्षित स्मारकात परवानगीशिवाय खणता येत नाही, आणि त्याच्या भोवतालच्या 100 मीटरांत बांधकामासाठी खणायलाही बंदी आहे. गुप्तधनाच्या नावाने बळी किंवा अघोरी प्रकार करणं हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट मला फार लागते. नाणं ज्या थरात होतं, त्या थरातून ते उपटलं की त्याच्याबरोबर काय होतं, ते कधी पुरलं, कोणी पुरलं, हे सगळं कायमचं जातं. रात्री टॉर्चच्या उजेडात उकरलेल्या जागेतून मग पुरातत्त्वज्ञालाही काही वाचता येत नाही.

शेतात दागिना हरवला असेल तर

मेटल डिटेक्टर घरच्या माणसांच्या खरोखर कामी येतो तो इथे. खुरपताना कानातली कुडी पडली, कांदा काढताना डोरलं तुटलं. ही वस्तू ताजी असते, वरच्या चार बोटांत असते, म्हणून अवघड जमिनीतही मिळण्याची आशा चांगली असते. सगळ्यात आधी त्या तुकड्यात नांगर, कुळव, पाणी काहीही जाऊ देऊ नका. कामाला कोण कुठल्या सरीत होतं ते आठवून दोरी लावून पट्टे पाडा. कुडीसारख्या बारीक सोन्याला जास्त फ्रिक्वेन्सीचं मशीन आणि लहान थाळी लागते. लोखंड वगळायची सोय बंद ठेवा. तशीच दुसरी कुडी घरी असेल तर ती दोऱ्याला बांधून त्याच मातीत दोन बोटं पुरा आणि मशीन तिच्यावर कसं वाजतं ते आधी नीट ऐका. थाळी जमिनीला जवळजवळ टेकवून, उंची न बदलता, सावकाश फिरवा. आवाज आला की खणू नका. तेवढी माती सुपात भरा, सूप बाजूला नेऊन पुन्हा तपासा आणि वाजलं तर बारीक चाळणीने चाळा. वाजलं नाही, तर ती माती एका वेगळ्या ढिगावर टाका आणि पट्ट्याचा पुढचा हात घ्या.